उपम्याच्या शोधात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कवी माणूस उपमा शोधत फिरतो यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. पण अलंकारातली ती उपमा, आणि मी शोधत होतो तो उपमा. बशीतला, वाफाळता, वर ओलं खोबरं भुरभुरलेला. पहिलीच्या मागे मी तीस-पस्तीस वर्षं आहे आणि ती अधूनमधून भेटतेही. दुसऱ्यासाठी मागच्या श्रावणात चार रविवार खर्ची घातले. पहाटेची पुणे-लोणावळा लोकल धरायची, मधल्या एखाद्या स्टेशनावर उतरायचं, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या छोट्या हॉटेलात शिरायचं आणि विचारायचं, "उपीट आहे का?"

हो, उपीट. आमच्या लहानपणी मावळात त्याला उपमा कुणी म्हणत नसे. ती उपमा, तो उपमा आणि ते उपीट. तिन्ही लिंगांचा हिशेब पुरा झाला, आता मूळ गोष्टीकडे वळतो.

माझं बालपण मळवली स्टेशनाजवळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. अब्बा रेल्वेत पॉइंट्समन होते. आमच्या घराण्याचा मूळ धंदा अत्तराचा, आडनावही तेच. पण घरात अत्तराची कुपी उघडायची ती ईदला. एरवी अब्बांच्या कपड्यांना ग्रीसचा वास. पगार झाला की पुढच्या रविवारी ते मला सायकलच्या दांड्यावर बसवायचे आणि इंद्रायणी ओलांडून कार्ले फाट्यावर न्यायचे. तिथं एका अण्णांचं हॉटेल होतं. पत्र्याचं छप्पर, सहा बाकडी, शहाबादी फरशीची टेबलं. गल्ल्यामागे उडुपीच्या कृष्णाची तसबीर आणि तिला खेटून एकवीरा आईची. अण्णा कुंदापूरकडचे. पोरांवर ओरडायचे ते तुळूत, हिशेब करायचे कानडीत आणि गिऱ्हाइकाशी बोलायचे मराठीत. त्या मराठीत उपीट 'संपली' असायची आणि चहा 'गरम झाली' असायची. अब्बा हसायचे, पण सुधारायचे नाहीत. त्यांच्या स्वतःच्या मराठीत दखनी मिसळलेली असायची, तीही अण्णा सुधारत नसत.

त्या उपिटाचं सांगतो. रवा जाडा. तो सकाळी कोरडाच भाजायचा, लाल होऊ द्यायचा नाही, पण कच्चाही सोडायचा नाही. अण्णा म्हणायचे, रवा हातात घेतला की वाळूसारखा निसटला पाहिजे. मग तेलात मोहरी, उडदाची डाळ, हिरवी मिरची, आलं, मुठीनं कढीपत्ता. हळद नाही. पाणी रव्याच्या अडीचपट, आणि ते खळखळ उकळल्यावरच एका हातानं रवा सोडायचा, दुसऱ्या हातानं ढवळायचा. झाकण, मंद आच, वरून लिंबू, चमचाभर तूप. वाटीत दाबून बशीत पालथं घातलं की डोंगरासारखं उभं राहायचं. बाजूला खोबऱ्याची पांढरी चटणी. शेव नाही, फरसाण नाही. ते पुढं पुण्याच्या हॉटेलांत दिसलं. १९७८ साली पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली त्या सुमाराला ही बशी बारा आण्याला होती, एवढं मला पक्कं आठवतं, कारण अब्बा एकच बशी घ्यायचे आणि दोन चमचे मागायचे.

अब्बा २०१९ साली गेले. शेवटच्या दुखण्यात जेवण तुटलं होतं. एक दिवस म्हणाले, "अण्णाचं उपीट मिळेल का रे?" पुण्यातल्या तीन ठिकाणांहून आणून पाहिलं. एक घास घ्यायचे, बशी सरकवायचे आणि मला वाईट वाटू नये म्हणून म्हणायचे, "अच्छा है." ते गेल्यावर ती गोष्ट माझ्या मनात अडकून राहिली. शोधायला निघालो तो मात्र सहा वर्षांनी. असो.

पहिला रविवार लोणावळ्यात. बाजारपेठेत चिक्कीच्या पाट्यांमधून वाट काढत सात-आठ हॉटेलं पालथी घातली. वडापाव होता, मिसळ होती, पोहे होते, मक्याची भजी होती, डोसे तर मोजायचा कंटाळा यावा इतके. उपीट नाही. शेवटी एका मोठ्या हॉटेलच्या न्याहारीत ते 'उपमा' या नावानं सापडलं. चकचकीत भांड्यात, खाली बारीक ज्योत लावून ठेवलेलं. पिवळंजर्द, आत गाजर, वाटाणे, काजू. दोष त्या आचाऱ्याचा नाही. पण ते खाताना मला एखाद्या ओळखीच्या माणसाच्या लग्नातल्या फोटोकडे पाहतोय असं वाटलं.

बाहेर पडलो तर कोपऱ्यावरच्या पोहेवाल्यानं खरं कारण सांगितलं. "काका, पोहे झाकून ठेवले की दहापर्यंत मऊ राहतात. मिसळीचा कट उकळत ठेवला की दिवसभर चालतो. उपीट अर्ध्या तासात वीट होतं." म्हणजे आधी उपिटाची वीट होते आणि मग गिऱ्हाइकाला वीट येतो! शिवाय मिसळीला लोक शंभर रुपये देतात. उपिटाला तीस सांगितले तरी म्हणतात, हे तर घरी होतं. घरी होणारा पदार्थ हॉटेलच्या पाटीवरून उतरतो, हा धंद्याचा साधा नियम त्या तरुणानं मला दोन मिनिटांत शिकवला.

पण हा पदार्थ घरचा झाला कधी? तो आमचा नव्हताच मुळात. आमचा होता तो सांजा. तिखटामिठाचा सांजा आणि गुळाचा सांजा. उपिटाचं नाव कानडी आहे. कानडीत 'उप्पु' म्हणजे मीठ, 'हिट्टु' म्हणजे पीठ. दोन्ही मिळून उप्पिट्टु. तमिळमध्ये पिठाला 'मावु' म्हणतात, म्हणून तिकडे उप्पुमावु, आणि त्याचाच उपमा. आता गंमत बघा. कोल्हापूर, बेळगाव, सोलापूरकडे दुहेरी 'प'चं ठसठशीत उप्पीट. पुण्याकडे येता येता एक 'प' गळाला आणि उपीट झालं. मुंबईत उपमा. म्हणजे एक नाव घाटमाथ्यावरून सीमेवरच्या गावांतून पायी पायी चालत आलं आणि दुसरं मुंबईच्या हॉटेलांच्या पाट्यांवरून उतरलं. दोन्ही वाटा जुन्या रस्त्यावर कुठेतरी एकमेकींना भेटतात. या भटकंतीत मी पाहत गेलो: तळेगाव-वडगावच्या बाजूला म्हातारी माणसं अजून उपीट म्हणतात, लोणावळ्यात वेटर मला दुरुस्त करतो, "उपमा का, काका?"

कानडीकडून आपण काय काय घेतलंय याची यादी केली तर घरातला निम्मा संसार निघेल. अण्णा, अप्पा, अक्का हे शब्द तिकडचेच. पानाच्या डब्यातला अडकित्ता तिकडचा. आणि ज्याच्यावाचून वरण-भात आपल्याला वरण-भात वाटत नाही ते तूपही कानडी 'तुप्प'च. पंढरीच्या विठोबाला संतांनीच कानडा म्हणून ठेवलंय, तिथं रव्याची काय कथा! इडली-डोशाचं तर दप्तरच सापडतं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात इडरिका आणि धोसका यांचा उल्लेख आहे. ती कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, मराठी मुलखाला लागून असलेलं. त्या काळची इडली नुसत्या उडदाची. तांदूळ, रात्रभर आंबवणं, वाफवणं हे सगळं नंतरचं, असं खाद्येतिहासाचे अभ्यासक के. टी. अचया यांनी मांडलं आहे.

मुंबईत हे पदार्थ घेऊन आले ते दक्षिण कानडा जिल्ह्यातले लोक. उडुपीच्या कृष्णमठात हजारोंच्या पंगतींचा स्वयंपाक सांभाळण्याची परंपरा. तिथलं कसब गाठीला बांधून माणसं बाहेर पडली. पोरसवदा मुलं यायची, दिवसा बश्या विसळायची आणि रात्री कानडी रात्रशाळेत जायची. माटुंगा स्टेशनाजवळ ए. रामा नायक यांनी 'उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग' सुरू केलं ते १९४२ साली. साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी जपाननं ब्रह्मदेश घेतला आणि तिथून येणारा तांदूळ बंद झाला. १९४३ साली मुंबईत रेशनिंग आलं. तांदळावर जगणाऱ्या न्याहारीला गव्हाकडे वळावं लागलं. बंगळूरच्या 'मावळ्ळी टिफिन रूम'वाले सांगतात की रव्याची इडली त्यांनी याच टंचाईत काढली. ज्यांना पिढ्यान् पिढ्या भातच ठाऊक होता त्यांच्या चुलीवर रवा चढला आणि तो पुन्हा उतरला नाही. पुढं १९७४ साली कर्नाटकात कूळकायदा कडक झाला, जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर झाल्या, आणि बंट समाजातले कितीतरी शेट्टी हॉटेलच्या धंद्यात आले. आपण गल्ल्यावर पाहिलेले बरेचसे अण्णा हे असे युद्धानं, टंचाईनं, कायद्यानं हलवलेले. नुसत्या चवीपायी कुणी गाव सोडत नाही.

अमेरिकेत अटलांटाला माझा एक भाचा असतो. त्याला फोनवर माझं हे वेड सांगितलं तर तो म्हणाला, "मामू, इथंही तेच आहे." तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत मक्याच्या जाडसर रव्याची 'ग्रिट्स' म्हणून न्याहारी असते. शिजवायची पद्धत जवळपास आपलीच: उकळतं पाणी, मीठ, सतत ढवळणं. लोक मोटारी काढून लहानसहान गावांतल्या हॉटेलांत चांगली ग्रिट्स शोधत फिरतात आणि अमक्या आजीच्या हाताची आता मिळत नाही म्हणून हळहळतात. तो मका तिथल्या मूळ रहिवाशांचा. गोऱ्यांनी त्यांच्याकडून तो घेतला, पुढं त्यांची जमीनही घेतली, आणि २००२ साली जॉर्जिया राज्यानं ग्रिट्सला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवलं. भाच्यानं वर्ष सांगितलं आणि मी चमकलो. आमच्या अण्णांच्या हॉटेलाचे दिवस फिरले ते त्याच वर्षी.

दुसऱ्या रविवारी मी कार्ले फाट्यावर उतरलो. अण्णांच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर फार्महाउसचे प्लॉट विकणाऱ्यांचं ऑफिस. आजूबाजूला एकवीरेला जाणाऱ्या कोळी-आगरी मंडळींची गर्दी, टेम्पोला बांधलेल्या केळी, ताशाचा आवाज. नाश्ता सगळीकडे: मिसळ, वडा, भजी. मी चहा घेतला आणि लेण्याकडे चालू लागलो.

कार्ल्याच्या चैत्यगृहात मी शेकडो वेळा गेलो असेन. शाळेच्या सहली आमच्या दारावरूनच जायच्या. भारतातलं कातळात कोरलेलं हे सर्वांत मोठं चैत्यगृह, हे गाइड सगळ्यांना सांगतो. भिंतीवरची अक्षरं काय म्हणतात ते मात्र मला बी.ए.ला असताना समजलं. व्हरांड्यात एक लेख आहे: वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठजीनं हे शैलगृह पुरं केलं, जंबुद्वीपात उत्तम असं. वैजयंती म्हणजे बनवासी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आजच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातली. खांबांवर दात्यांची नावं आहेत, त्यांत धेनुकाकटचे यवनही आहेत. आणि दाराचं दान दिलंय ते धेनुकाकटच्याच सिंहदत्त नावाच्या एका गंधिकानं. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. आमच्या बोलीत, अत्तार. हे वाचलं त्या दिवशी मी लेण्याच्या पायऱ्या जरा ताठ मानेनं उतरलो, हे कबूल करतो.

क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं करजिक नावाचं गाव इथल्या, म्हणजे तेव्हाच्या वलूरकातल्या, भिक्षूंना दिल्याचा लेखही तिथंच आहे. कशासाठी? पावसाळ्यात इथं मुक्कामाला राहणाऱ्यांच्या निर्वाहासाठी. आणि संघ कसा, तर चारी दिशांचा. कुठूनही आलेला असो, त्याला पावसाळाभर जेवायला मिळावं. मावळात पाऊस कसा असतो ते ठाऊक असलेल्या माणसालाच या दानाचा अर्थ नीट कळेल.

भूतपालाची गोष्ट मी तेव्हा अण्णांना धावत जाऊन सांगितली होती. "अण्णा, तुमच्याच मुलखातला एक शेठ दोन हजार वर्षांपूर्वी इथं आला होता. वरचं लेणं त्यानं पुरं केलं." अण्णांनी गल्ल्यातली चिल्लर मोजणं थांबवलं नाही. म्हणाले, "त्यानं जागा भाड्यानं घेतली नसेल."

पाटीची गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. हॉटेलच्या पाटीवर देवीच्या नावाचं मराठी ठळक लिहिलेलं होतं. पण पावसाळ्यात रंग फुगला की खालून गोल गोल अक्षरं वर यायची. मला लहानपणी ती नक्षी वाटायची. ती कानडी अक्षरं होती. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली आणि पुढची काही वर्षं मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध वातावरण तापलं. उडुपी हॉटेलं त्यात सापडली. अण्णांच्या भावाचं मुंबईत लहानसं हॉटेल होतं. काचेच्या कपाटावर दगड आले. कुणी मारले ते भावानं लिहिलं नव्हतं, एवढंच लिहिलं होतं की पाटी बदल. अण्णांनी रातोरात पाटी रंगवली. कार्ल्यात कुणी त्यांना बदल म्हटलं नव्हतं. दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी वडापावची गाडी लावली तीही १९६६ सालीच, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं, आणि उडप्यांच्या इडलीला मराठी उत्तर म्हणून पुढं वडापावच्या गाड्यांना बळ मिळालं. त्यातला पाव पोर्तुगीजांचा, बटाटाही त्यांनीच आणलेला, मिरचीसुद्धा. म्हणून वडापाव मला कमी आवडतो असं नाही. दोन खातो.

ही पाटीची गोष्ट अण्णांनी अब्बांना सांगितली ती जानेवारी १९९३ मध्ये.

त्या डिसेंबर-जानेवारीत मुंबई पेटलेली होती. मळवलीत काही झालं नाही. पण अब्बा रोज स्टेशनावर उभं राहून मुंबईहून येणाऱ्या गाड्यांतले चेहरे पाहत होते. त्यांनी फाट्यावर जाणं बंद केलं. कुणी काही बोललं नव्हतं. ड्यूटी, घर, ड्यूटी, घर. मी तेव्हा पुण्यात नोकरीला लागलो होतो. पंधरा दिवसांनी घरी गेलो तर चुलीजवळ केळीच्या पानांचे तुकडे आणि वर्तमानपत्राच्या घड्या साठलेल्या. अम्मा म्हणाली, "अण्णा रोज पोऱ्या भेजते." सकाळी सातला हॉटेलातला पोऱ्या सायकलवरून यायचा, उपिटाचं पार्सल ठेवायचा आणि जायचा. पैसे दिले तर म्हणायचा, "अण्णांनी घ्यायचे नाहीत सांगितलंय."

अब्बांना फुकटचं सोसत नसे. त्याच दुपारी ते उठले, मला बरोबर घेतलं आणि फाट्यावर गेले. अण्णांसमोर उभे राहून म्हणाले, "अण्णा, ये क्या है? मेहेरबानी?" अण्णांनी गल्ल्याखालून वही काढली. तारीखवार लिहिलेलं होतं. एकेक बशी, एकेक बशी, आणि खाली बेरीज. वर 'अत्तारभाई, उधार'. म्हणाले, "फुकट नाही. उधारी आहे. उधारी फेडायला माणसाला यावं लागतं की नाही?"

मग त्यांनी पोऱ्याला दोन चहा सांगितले आणि पाटीची गोष्ट सांगितली. अब्बांनी पैसे मोजून दिले, अण्णांनी मोजून घेतले. आम्ही बाहेर पडलो तेव्हा अब्बांनी मान वर करून पाटीकडे बराच वेळ पाहिलं. पुढच्या पगाराच्या रविवारी ते पुन्हा जाऊ लागले.

साहित्याच्या व्यासपीठांवर मला आजवर अनेकदा कौतुकानं विचारलं गेलंय, "तुम्ही इतकं चांगलं मराठी कुठं शिकलात?" विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. मी काय सांगणार? इथंच, बारा आण्याची बशी दोघांत खाताना. अण्णांनाही लोक विचारायचे, "तुमचं गाव कुठलं?" ते म्हणायचे "कार्ला", आणि लोक म्हणायचे, "तसं नाही हो, मूळ?"

जुना रस्ता मोठा झाला तो याच मूळ-अमूळाच्या येण्याजाण्यावर. १८३० साली बोर घाटातला गाडीरस्ता खुला झाला, १८६३ साली घाटातून रेल्वे गेली, आणि प्रत्येक वेळी वाटेवर कुणीतरी चूल मांडली. मोटारी आल्या तशी खोपोलीपासून वडगावपर्यंत हॉटेलं झाली, कारण घाट चढून आलेलं इंजिन थंड करायला गाडी थांबवावीच लागायची, आणि गाडी थांबली की माणसाला भूक लागायची. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. तो मळवलीच्या जवळूनच जातो, पण तिथं थांबत नाही. ड्रायव्हर मंडळी तिकडे वळली, पुढं त्या रस्त्यावर फूड मॉल आले. फाट्यावर राहिले ते देवीचे भाविक आणि शनिवार-रविवारचे पर्यटक, आणि त्यांना सकाळी सातला उपीट नको असतं. अण्णांनी दोन वर्षं काढली आणि २००४ साली हॉटेल सोडलं. निरोप घ्यायला क्वार्टरवर गेले तर तिथं दुसरंच बिऱ्हाड. अब्बा रिटायर होऊन पुण्याला माझ्याकडे आले होते. ही भेट चुकली ती चुकलीच. पुढं कुंदापूरहून एक पत्र आलं, त्यानंतर नाही.

नावं बदलणं काही फाट्यापुरतंच नव्हतं म्हणा. पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावरची सगळ्यांची लाडकी 'वैशाली' एके काळी 'मद्रास हेल्थ होम' होती. आज तिच्याइतकं पुणेरी दुसरं काही नाही.

तिसरा रविवार कामशेत आणि वडगाव. वडगाव मावळचं भात संशोधन केंद्र आपल्याला ठाऊक असेल. इंद्रायणी तांदूळ तिथलाच, १९८७ सालचा, आंबेमोहोरापासून काढलेला. या भाताच्या मुलखात गव्हाचा रवा हा तसा पाहुणाच. कामशेतला एका हॉटेलात फळ्यावर खडूनं 'उपीट' लिहिलेलं दिसलं आणि माझ्या छातीत धडधडलं. आत गेलो तर मालक म्हणाला, "ते कालचं लिहिलेलं आहे." पुढच्या रविवारी येईन म्हटलं तर तो म्हणाला, "आचारी गावाला गेलाय. परत येतोय का बघायचं." मी पोहे खाल्ले. चांगले होते.

चौथ्या रविवारी काही ठरवलं नव्हतं. सवयीनं मळवलीला उतरलो. पाऊस झिमझिम, समोर लोहगड-विसापूर ढगात. सुट्टीचे ट्रेकर सोडले तर फलाट रिकामा. जिन्याखाली एक पन्नाशीच्या बाई दोन मोठे स्टीलचे डबे घेऊन बसल्या होत्या, टॉवेलात गुंडाळलेले. एका डब्यात पोहे. दुसऱ्यात काय, म्हणून विचारलं.

"उपीट."

त्यांनी झाकण काढलं आणि वाफेबरोबर कढीपत्त्याचा वास आला. कागदी बशीत वाटी पालथी घातली. वाटी घालतायत हे पाहूनच मी जरा हललो. रवा जाडा, नीट भाजलेला. हळद नाही. खोबऱ्याऐवजी शेंगदाणे होते, आणि साखर अण्णांपेक्षा चमचाभर जास्त. चटणी नव्हती, लिंबाची फोड होती. अण्णांचं नव्हतं ते. पण अब्बांनी बशी सरकवली नसती.

"ताई, कुणाकडून शिकलात?"

"सासूबाईंकडून. त्या फाट्यावरच्या हॉटेलात भांडी घासायला होत्या, पूर्वी."

"अण्णांच्या?"

"अण्णा का कोण ते मला नाही माहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा बंद झालेलं. पण उपीट आमचं मावळातलंच हो. सांज्याचाच प्रकार. तिकडे मुंबईला त्याला उपमा म्हणतात." मग माझ्याकडे नीट बघून त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठले?"

"इथलाच. मळवलीचा. त्या क्वार्टरमध्ये होतो आम्ही."

"मग तुम्हाला ठाऊकच असणार," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

मी आणखी एक बशी घेतली. वीस रुपये झाले असते, चाळीस झाले. सुटे नव्हते, पन्नासची नोट पुढं केली तर त्या म्हणाल्या, "राहू द्या, पुढच्या रविवारी द्या." लोकल आली होती. मी चढलो.